पोच

मुलाखतीत तिला विचारलं, "कामाचा काही अनुभव?" ती म्हणाली, "नाही सर, फ्रेशर आहे." मग एक प्रश्न टॅलीवर झाला, एक पगाराच्या अपेक्षेवर, आणि सात-आठ मिनिटांत ती बाहेर आली.

हे तिनंच मला सांगितलं, २०२३ च्या पावसाळ्यात, स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसून. बी.कॉम. झाली होती, गुणपत्रक न्यायला आली होती. तक्रारीचा सूर नव्हता. एवढंच म्हणाली, "सर, जिथं जावं तिथं अनुभव विचारतात. आम्ही तो आणायचा कुठून?"

मला बोलता येईना. कारण याच मुलीनं त्याआधी सात महिने एका वस्तीतल्या साठेक पोरांचा खेळ सांभाळला होता. मैदान मिळवलं होतं, पैसे उभे केले होते, आयांना समजावलं होतं, एका चिडलेल्या बापासमोर एकटी उभी राहिली होती. आणि त्या सगळ्याबद्दल तिला मिळालेल्या प्रमाणपत्रावर सही माझी होती. उपक्रमात सक्रिय सहभाग घेतला, असा छापील मजकूर. नाव तेवढं हातानं भरलेलं. तशी शंभर प्रमाणपत्रं मी एका चहात सह्या करून मोकळा झालो होतो.

मी कोल्हापूरचा. वाणिज्य शाखेला शिकवतो. मधली तीन वर्षं माझ्याकडं राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं काम होतं. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, देशातल्या ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजात जाऊन काम करायचं आणि एकदा सात दिवसांच्या शिबिराला जायचं. कागदावर योजना सुंदर आहे. प्रत्यक्षात त्यातले बरेच तास रॅलीत, बॅनर धरण्यात आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड लावण्यात जातात. ती झाडं मीही लावली आहेत.

खेळाची कल्पना माझी नव्हती. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा पेठेच्या संघातून फुटबॉल खेळायचा. तो म्हणाला, "सर, या वर्षी झाडं नको. वस्तीतल्या पोरांना खेळायला शिकवू." कोल्हापुरात अशी कल्पना कुणाला सुचली नसती तरच नवल. इथं फुटबॉल संघांची नावं म्हणजे तालमींची नावं: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

माझं लहानपणही तालमीच्या कट्ट्यावर गेलं. खेळण्यात मी कच्चा होतो. पण पहाटे उठून मैदानावर फक्की मारायला आणि पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागायला पहिला मी. मोहरमला पंजे बसायचे, गणपतीला मंडप पडायचा, उन्हाळ्यात स्पर्धा व्हायच्या. पोरं तीच, वर्गणी देणारे तेच, भांडणंही तीच. अब्बा म्हणायचे, "खेलके पेट भरनेवाला है क्या?" खेळून पोट भरलं नाहीच. पण चिकट माणसाकडून दहा रुपये कसे काढायचे आणि त्या दहा रुपयांचा हिशेब त्यालाच चार माणसांत कसा द्यायचा, हे मी बी.कॉम.ला शिकलो नाही, तालमीत शिकलो. एकच गोष्ट होती, तालमीत मुली नव्हत्या. त्या वेळी हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

आमच्या गटात १४ विद्यार्थी होते, त्यात सहा मुली. वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही. निम्मी घरं मुसलमानांची, बाकीची बौद्ध, मातंग, वडार. सप्टेंबर २०२२ मध्ये एनएसएसच्या वर्धापनदिनी नारळ फोडून उद्घाटन झालं. पाहुणे आले, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर नेहमीप्रमाणं तीन टेम्पो उभे होते. मैदान म्हणजे खुली सरकारी जागा. दिवसा टेम्पो, संध्याकाळी मोठ्या पोरांचं क्रिकेट.

परवानगीचा अर्ज तिनं लिहिला. खेळाचं महत्त्व, निरोगी शरीर, राष्ट्राची उभारणी. चार पानं झाली. आठ दिवसांनी चौकशीला गेली तर अर्जच सापडेना. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "पोच आहे का?" तिला पोच म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. घरी वडील रिक्षा चालवतात, आई विड्या वळायची, आता शिवणकाम करते. सरकारी कार्यालयात अर्ज देऊन शिक्का मारून घ्यायचा असतो, हे त्या घरात कोण सांगणार? मीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढं ठाऊक असेल.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा होता. कोणती जागा, कोणते वार, किती ते किती, जबाबदार कोण, फोन नंबर. दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. त्या दिवसापासून ही पोरगी जगात कुणाकडूनही पोच घ्यायला लागली. मी चेंडूसाठी पैसे दिले तरी वही पुढं करायची, "सर, इथं सही." मुलांनी तिचं नाव 'पोचवाली' पाडलं.

परवानगी यायला पाच आठवडे लागले. तोवर तिनं एक वेगळंच काम उरकलं होतं. क्रिकेटवाल्या मोठ्या पोरांशी भांडायच्या ऐवजी त्यांच्यातल्या सगळ्यात दांडग्या पोराला तिनं पंच व्हायला सांगितलं. त्याच्या गळ्यात शिट्टी आली आणि सव्वासहापर्यंत मैदान लहान पोरांचं झालं. वाटाघाटी हा विषय मी 'व्यवस्थापनाची तत्त्वे' या पेपरात शिकवतो. त्यात ही युक्ती नाही.

मुलींना मैदानावर आणणं त्याहून अवघड गेलं. आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो. मुंब्र्यात 'परचम' या संस्थेच्या मुली २०१२ पासून फुटबॉल खेळतात, आणि मैदान हा आमचाही हक्क आहे असं म्हणून ते मागूनही घेतात. नागपुरात हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला, त्यावर नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. आमच्या पोरांनी तो पाहिला होता, त्यामुळं सुरुवातीला सगळ्यांनाच अमिताभ व्हायचं होतं. दाराशी बसून आयांशी बोलायला कुणी तयार नव्हतं. ते काम मुलींनी केलं. आयांच्या अटी सरळ होत्या. ट्रॅक पँट चालेल, हाफ पँट नाही. मगरिबच्या अजानीआधी पोरगी घरात पाहिजे. या अटींवर आमच्या गटातल्या एका मुलाला भाषण करायचं होतं, मागासलेपणा वगैरे. तिनं त्याला गप्प बसवलं आणि वेळापत्रक बदललं. पाच ते सव्वासहा. नंतर दोघी जणी गल्लीगल्लीनं मुलींना घरी सोडून येणार. एका अम्मीनं तरीही बजावलं, "तू रोज आयेगी तो भेजती मैं. एक दिन नै आयी तो बंद."

तिनं हो म्हटलं. हे वाक्य पुढं मला फार दिवस टोचत राहिलं, ते का ते सांगतो.

त्याआधी जानेवारीतली गोष्ट. नऊ वर्षांचा एक पोरगा पळता पळता दगडाला अडखळून पडला, मनगट मोडलं. मी तेव्हा एका बैठकीत होतो, फोन बंद. आमच्याकडं प्रथमोपचाराची पेटी नव्हती. उद्घाटनाच्या बॅनरचं बिल फाइलीत होतं, पेटी नव्हती. ही चूक त्या मुलांची नाही, माझी. दोन मुलांनी पोराला रिक्षात घालून सीपीआरला नेलं, एका मुलीनं उरलेल्या पोरांना बसवून ठेवलं आणि ती पोराच्या घरी गेली. बाप मार्केट यार्डात हमाल. तो वस्तीच्या तोंडाशीच भेटला. त्यानं चार माणसांत तिला नको नको ते ऐकवलं. तिनं 'आमची काही चूक नाही' असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाली, "चाचा, आधी दवाखान्यात चला, मग मला बोला."

दुसऱ्या दिवशी ती परत त्याच्या घरी गेली. काय झालं, कुठं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे वहीत लिहून घेऊन गेली. त्या आठवड्यापासून खेळ सुरू करण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी, विद्यार्थ्यांनीसुद्धा, खडे वेचायचे असा नियम झाला. पेटी मी आणली.

त्या संध्याकाळी गटातला सगळ्यात फर्डा वक्ता, प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारा मुलगा, कुठं दिसलाच नाही. चार दिवसांनी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "सर, मी घाबरलो होतो." मला तो मुलगा त्या दिवशी जास्त आवडला. पुढं पेटी त्यानंच सांभाळली. त्यालाही प्रमाणपत्र मिळालं. मजकूर अर्थातच तोच, सक्रिय सहभागाचा.

रमजान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार होता, त्याच्या आधी छोटी स्पर्धा घेतली. आठ संघ, प्रत्येक संघात दोन तरी मुली. बेकरीवाल्या भाईंनी पाव आणि केळी दिली. त्यांनी सुरुवातीपासूनच पैसे दिले होते, कारण दर महिन्याचा हिशेब ती त्यांच्याच दुकानाच्या भिंतीला चिकटवत असे. खर्च बघायला येणारं माणूस एखादा खारीचा पुडा घेऊन जायचं, म्हणून भाईही खूश. वस्तीतली सगळी पोरं तिला आपा म्हणायची, मातंगांची, वडारांचीसुद्धा. एका चिमुरड्याला 'आपा' हे तिचं नावच वाटत होतं. बक्षिसाच्या यादीवर त्यानं तिचं नाव वाचलं आणि विचारलं, "ही कोण?"

हे सगळं तिनं केलं होतं. आणि मुलाखतीत सांगितलं, अनुभव नाही.

त्या बाकावर बसून मी तिला विचारलं, "हे तू का नाही सांगितलंस?" ती हसली. "सर, ते कामाचं थोडंच होतं? पोरांचा खेळ होता तो." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि आपणच आपलं कसं सांगायचं? बढाई मारल्यासारखं वाटतं."

मला वाटतं, आपल्या घरांतून येणाऱ्या मुलांचं घोडं इथं अडतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक गोष्ट आकड्यांनिशी आली होती, की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वतःच्या छोट्या धंद्यांत आहेत आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांत कमी. आपण तो अहवाल आरक्षणाच्या आणि राजकारणाच्या चर्चेत वापरला. पण घरात त्याचा अर्थ काय होतो? रिक्षा, गॅरेज, बेकरी, टेलरिंग, भाजीची गाडी. घरातल्या कुणीही आयुष्यात मुलाखत दिलेली नाही. काम असतं, भरपूर असतं, पण ते कुणाला सांगायची वेळच येत नाही. गिऱ्हाईक बघतं आणि पैसे देतं. ज्या घरात काका बँकेत आणि आत्या शाळेत, त्या घरातलं पोर जेवताना ऐकतं की साहेबाला काय सांगायचं आणि कसं सांगायचं. आमच्या पोरीला पोच शब्दसुद्धा कार्यालयाच्या खिडकीवर कळला. शिवाय आपलं नाव, आपल्या वस्तीचा पत्ता यांमुळं आधीच कुठं कुठं दार अर्धं लागलेलं असतं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण केलेलं कामसुद्धा आपण दाराबाहेरच ठेवून आत जातो, हेही तितकंच खरं.

कॉलेजात रोजगारक्षमतेची शिबिरं होतात. पडद्यावर 'नेतृत्व', 'संघभावना', 'संवाद' असे शब्द येतात, पाहुणे दोन तास बोलतात, शेवटी प्रमाणपत्र. तिनंही ते शिबिर केलं होतं. तिथले शब्द आणि मैदानावरचे खडे यांचा काही संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायला मी होतो, आणि मी सह्या करत होतो.

मी तिची वही मागवली. दुसऱ्या दिवशी दोघं बसलो. मी विचारायचं, तिनं सांगायचं. अर्ज कुणी लिहिला? किती दिवस पाठपुरावा केला? एकूण किती रुपये आले, किती गेले, किती उरले? उरलेल्या ४१० रुपयांचं काय केलंस? त्याचीही पोच निघाली, बेकरीवाल्या भाईंच्या सहीची. कुणाशी भांडण झालं, ते कसं मिटलं? पोराचा हात मोडला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत काय केलंस? 'नेतृत्व' हा शब्द तिला एकदाही लिहू दिला नाही. तारखा, आकडे आणि काय केलं तेवढंच. एक पान झालं. मग मी माझं पत्र लिहिलं, छापील नव्हे. त्याला तास लागला. मग उरलेल्या तेरा जणांना फोन केले. अकरा आले. दोघांचे नंबर बदलले होते, ते सापडले नाहीत.

दोन मुलाखतींनंतर शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात तिला काम लागलं. पत्रामुळं लागलं असं म्हणणार नाही; तिची टॅलीही दरम्यान सुधारली होती आणि जागेची बातमी तिच्या मामूंनी आणली होती. पण मालकानं ते पान वाचलं, आणि वाचून एकच विचारलं, "त्या पोराचा हात बरा झाला का?" पुढची दहा मिनिटं ती त्या हाताबद्दल बोलली. "सर, घाबरायचं विसरूनच गेले," असं मला म्हणाली.

आता ती टोचणारी गोष्ट. रमजान आला, ईद झाली, मग विद्यापीठाच्या परीक्षा. ठरल्याप्रमाणं मार्चअखेर आमचे तास भरले, अहवाल गेला, मी फाइल बंद केली. मे महिन्यात सहज त्या वस्तीवरून गेलो. मैदानावर टेम्पो परत आले होते. एका मुलीनं मला ओळखलं आणि विचारलं, "सर, आपा कब आनेवाली?" ती त्याच अम्मीची मुलगी. रोज येशील तर पाठवते म्हणणारी अम्मी. आपा येईना म्हणून तिनं शब्दाप्रमाणं मुलीला घरी बसवलं होतं. चूक अम्मीची नव्हती.

आता नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला क्रेडिट मिळतात. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. गेल्या वर्षी एका बैठकीत एक सहकारी उत्साहानं म्हणाले, वस्ती ही विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा झाली पाहिजे. मी नेहमी गप्प बसतो, त्या दिवशी बसलो नाही. प्रयोगशाळेतलं सामान तास संपल्यावर कपाटात ठेवता येतं. पोरं संध्याकाळी पाच वाजता मैदानावर येऊन उभी राहतात. साठ तास भरून आमचा विद्यार्थी नोकरीलायक होणार आणि ती पोरं पुन्हा टेम्पोमागं, असा हिशेब असेल तर तो कुठल्याही बेकरीच्या भिंतीवर लावायला मला लाज वाटेल. तालमीत हा प्रश्नच नव्हता, कारण तिथली पोरं पेठेतलीच. वर्ष संपलं म्हणून कुणी पेठ सोडून जात नसे. विद्यापीठानं तालमीकडून काही घ्यायचं असेल तर हे घ्यावं, की पुढचं माणूस मागच्या माणसाच्या डोळ्यांदेखत तयार होतं. पहिल्याच महिन्यात वस्तीतल्या आठवी-नववीच्या चार पोरांच्या हातात शिट्टी आणि वही द्यायला हवी होती. आम्हाला सुचलं नाही. आम्हाला आमच्या मुलांचे तास दिसत होते.

उशिरा का होईना, ते आता चाललंय. नोकरी लागल्यावर ती रविवारी जायला लागली, कारण सुट्टी तेवढीच. ज्याचा हात मोडला होता त्याच्या बापाच्या घरी चेंडूंची पिशवी असते. दहावीतल्या एका मुलीकडं वही आहे, आणि ती पोचवालीपेक्षा कडक आहे. चार दिवसांचा एक दिवस झाला. मी अम्मींना भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "इतवार बोली ना, फिर इतवार को आती. तो इतवार को भेजती मैं." माझ्याकडं आता एनएसएसचं काम नाही. कधी कधी रविवारी मीही जातो, खडे वेचतो. गुडघे दुखतात, पण पाच मिनिटांतून सूट नाही.

मैदानाच्या परवानगीची मुदत केव्हाच संपली. नवा अर्ज त्या दहावीतल्या मुलीनं लिहिलाय, अर्ध्या पानाचा. पोच वहीत चिकटवलेली आहे. परवानगी अजून आलेली नाही.